चित्रांच्या पुस्तकांकडून प्रकरणांच्या पुस्तकांकडे : रात्रीच्या वाचनातून हा टप्पा कसा गाठावा?

तुमची मुलगी सव्वासहा वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत शिकते, घरी मराठी बोलते आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी चित्रांची दोन-तीन पुस्तके आवडीने ऐकते. मात्र प्रकरणे असलेले जाड पुस्तक वाचायला घेतले की दुसऱ्याच पानावर ‘चित्र कुठे आहे?’ असे विचारते, थोड्या वेळाने कूस बदलते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा जुनेच चित्रांचे पुस्तक घेऊन येते. तिला अशा पुस्तकांची गोडी कशी लावावी, ती मराठीत वाचून दाखवावीत की इंग्रजीत, ती स्वतः कधी वाचू लागेल आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या तीन वर्षांच्या भावाचे काय करावे, असे तुमचे प्रश्न आहेत. मी पुण्यात अनेक वर्षे लहान मुलांचे ग्रंथालय चालवते आणि प्राथमिक शिक्षकांसाठी प्रकट वाचनाची शिबिरे घेते. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. तुमच्या मुलीला पुस्तकांचा कंटाळा आलेला नाही आणि तिची एकाग्रताही कमी नाही. जाड पुस्तक ऐकण्यासाठी जी सवय लागते ती तिला अजून कोणी लावलेली नाही, एवढेच. आजची गोष्ट अर्धी राहिली तरी चालते, ती उद्यापर्यंत मनात सांभाळून ठेवायची असते आणि तशी ती सांभाळण्यात मजा असते, ही ती सवय आहे. रात्रीच्या वाचनाने ही एक गोष्ट साधली तर पुढचे बरेचसे आपोआप होते. म्हणून सुरुवातीचे काही महिने पुस्तक कोणते, किती पाने झाली, किती नवे शब्द आले, यांकडे फारसे लक्ष न देता, दुसऱ्या रात्री ती ‘पुढे काय झालं?’ असे विचारते का, याच एका खुणेकडे पाहावे.

अनेक पालकांचा समज असा असतो की मूल स्वतः वाक्ये वाचू लागल्याशिवाय प्रकरणांच्या पुस्तकाची वेळ येत नाही. प्रत्यक्षात कान डोळ्यांच्या बराच पुढे असतो. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचे एक साधे सूत्र मांडले होते. वाचून समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार, असे ते सूत्र आहे. बेरजेऐवजी गुणाकार असल्यामुळे दोहोंपैकी एक बाजू शून्याजवळ असली तर दुसरी कितीही भक्कम असून उपयोग होत नाही. पहिली-दुसरीतले मराठी मूल काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरे लावण्यात इतके गुंतलेले असते की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेले असते. त्यामुळे त्याला स्वतः वाचता येईल असा मजकूर ‘कमल, जल भर’ यापेक्षा फार वर जात नाही. तेच मूल भावाशी भांडताना जी वाक्ये फेकते ती मात्र चांगली लांब, अटी-शर्तींनी भरलेली आणि तर्कशुद्ध असतात. मोठ्याने वाचून दाखवताना अक्षरे उलगडण्याचे काम आपण करतो, आणि त्यामुळे मुलाला त्याच्या समजेच्या उंचीची गोष्ट मिळू शकते. पाच-सहा वर्षांचे मूल प्रकरणांचे पुस्तक ऐकू शकते, याचे कारण हेच आहे.

मग अडते कोठे? चित्रांच्या पुस्तकातून जाड पुस्तकात जाताना मुलावर एकदम तीन नवी ओझी पडतात. चित्र नसल्यामुळे माणसे आणि जागा डोळ्यांसमोर स्वतःच उभ्या कराव्या लागतात. पात्रे पुष्कळ असल्यामुळे कोण कोणाचे कोण हे ध्यानात ठेवावे लागते. शिवाय गोष्ट आज संपत नाही. तुम्ही ही तिन्ही ओझी एकाच रात्री तिच्यावर टाकलीत, आणि त्यामुळे तिने कूस बदलली. ती एकेक करून दिली तर मूल सहज उचलते. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचा गाभा येथे आहे, त्यामुळे याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते.

पहिल्या टप्प्यात चित्रे राहू द्यावीत, पण पात्र तेच ठेवावे. एकाच मुलीच्या किंवा एकाच कुटुंबाच्या गोष्टी अनेक पुस्तकांतून येत असतील तर मुलाला ‘ओळखीच्या माणसाकडे पुन्हा जाण्याची’ चव लागते. माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच याला उत्तम आहे. त्यात राधा आहे, तिचे आईबाबा आणि आजीआजोबा आहेत, आणि प्रत्येक पुस्तिका घरातल्या एकेका माणसाकडे वळते. संच तुमच्याकडे आधीच असेल आणि पाठ झाला असेल, तरी आता तो वेगळ्या रीतीने वापरता येतो. एका रात्री एकच पुस्तिका वाचावी आणि बाकीच्या ‘उद्यासाठी’ म्हणून तिच्या डोळ्यांदेखत बाजूला ठेवाव्यात. सगळ्या पुस्तिका एका बैठकीत संपवण्याची सवय मोडणे हाच या टप्प्याचा हेतू आहे. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतल्या बऱ्याच गोष्टी वाचनपातळीनुसार विनामूल्य मिळतात. त्यांतल्या वरच्या पातळीच्या गोष्टींत मजकूर जास्त आणि चित्रे कमी असतात, म्हणून या दोन टप्प्यांमधल्या पुलासाठी त्या उपयोगी पडतात. मात्र त्या पडद्यावर न दाखवता छापून घेतल्या किंवा आपण पाहून सांगितल्या तर बरे. अंथरुणात फोन आला की गोष्ट संपल्यावर दुसरे काहीतरी पाहायचा हट्ट सुरू होतो.

दुसऱ्या टप्प्यात चित्रे जवळजवळ जातात, पण प्रत्येक प्रकरण स्वतःपुरते पूर्ण असते. पात्रे तीच राहतात, प्रसंग रोज नवा असतो आणि रात्री झोपताना काहीही अर्धवट राहत नाही. मराठीत या प्रकारची पुस्तके चांगली आहेत आणि पालक नेमका हाच टप्पा गाळतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे हा उपद्व्यापी पण मनाने चांगला मुलगा शहरी मुलांना लगेच आपला वाटतो आणि त्याचे उद्योग एका बैठकीत पुरे होतात. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या त्याहून जुन्या जगातला आहे. त्याच्याकडे सातव्या-आठव्या वर्षी जावे. या टप्प्यासाठी मी सर्वांत जास्त वेळा सुचवते ते पुस्तक मात्र मूळचे जपानी आहे. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ १९८१ साली जपानमध्ये प्रसिद्ध झाले आणि चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. त्याची प्रकरणे दोन-चार पानांची आहेत. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली मुलगी, आगगाडीच्या डब्यांत भरणारी नवी शाळा, पहिल्याच दिवशी तिचे बोलणे चार तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी, जेवणाच्या डब्यात ‘समुद्रातले काहीतरी आणि डोंगरावरचे काहीतरी’ आणायचा नियम, संडासाच्या टाकीत पडलेली पैशांची पिशवी शोधण्यासाठी सगळा मैला उपसून काढणे, हे सारे सहा वर्षांच्या मुलाला चित्राशिवाय दिसते. का दिसते, तर प्रत्येक प्रकरणात एकच ठळक गोष्ट घडते. चित्रांशिवाय ऐकण्याचा सराव करून घ्यायला याच्याइतके सोयीचे पुस्तक मला दुसरे माहीत नाही.

तिसऱ्या टप्प्यात खरी सलग कथा येते, जिच्यात प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी अडकलेले असते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे येथे यावा. फुरसुंगीचा हा बन्या पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवरून भन्नाट सुटतो आणि ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो. वाचून दाखवणाऱ्याला हा ‘ट्टॉक्’ जिभेने काढता आला पाहिजे, हे मी गमतीने लिहीत नाही. तो आवाज दोन-तीन रात्री ऐकल्यावर मुले स्वतः काढू लागतात आणि तिथून पुस्तक त्यांचे होते. तुमच्या मुलीच्या बाबतीत हा टप्पा बहुधा सात-साडेसात वर्षांच्या सुमारास येईल, क्वचित त्याआधीही येईल. वय पाहून ठरवण्यापेक्षा दुसऱ्या टप्प्यातले एखादे पुस्तक तिने शेवटपर्यंत ऐकले आहे का, हे पाहून ठरवावे.

‘श्यामची आई’बद्दल वेगळे लिहिणे भाग आहे, कारण पालक ते हमखास विचारतात. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि त्याच्या प्रकरणांना ‘रात्र’ असेच नाव आहे. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो आणि अशा बेचाळीस रात्री पुस्तकात आहेत. रचना पाहिली तर झोपताना वाचण्यासाठीच बेतल्यासारखे हे पुस्तक आहे, आणि म्हणूनच सहा वर्षांच्या मुलाला ते वाचून दाखवण्याचा मोह होतो. माझे मत असे की तो आवरावा. आईचे दारिद्र्य, तिचा अपमान आणि शेवटी तिचा मृत्यू हे सहाव्या वर्षी अंथरुणात, दिवा मालवण्याच्या पाच मिनिटे आधी ऐकण्यासारखे नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते सलग वाचावे आणि त्याआधी वाचायचेच असेल तर सुट्या रात्री निवडून वाचाव्यात.

आता रोजच्या रीतीविषयी. मराठी मजकूर शांतपणे मोठ्याने वाचला तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात, म्हणजे बालवाचकांसाठीच्या पुस्तकाचे एक पान वाचायला दोन मिनिटे लागतात. सुरुवातीला दहा-बारा मिनिटे, म्हणजे पाच-सहा पाने, पुरे होतात. तुम्ही पहिल्याच रात्री अर्धा तास वाचलेत असे लिहिले आहे. तो उत्साह समजण्यासारखा आहे, पण ज्या मुलीला चित्राशिवाय ऐकण्याची सवय नाही तिच्यासाठी तो वेळ फार झाला. पहिले पंधरा दिवस नवे पुस्तक आणि चित्रांचे पुस्तक अशी जोडी ठेवावी आणि क्रमाने नवे पुस्तक आधी घ्यावे, म्हणजे ती ताजी असताना नवे ऐकते आणि झोप येऊ लागल्यावर ओळखीचे. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो.

कोठे थांबावे हा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. आपल्याकडे याची जुनी रीत आहे. चातुर्मासात संध्याकाळी श्रीधरस्वामींची पोथी लागत असे. ‘हरिविजया’चे ३६, ‘रामविजया’चे ४० आणि ‘पांडवप्रतापा’चे ६४ अध्याय रोज थोडेथोडे वाचले जात आणि ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशी माणसे महिनोन्‌महिने कथेचा धागा सांभाळत असत. अध्याय मात्र अर्धवट सोडायचा नाही, असा दंडक होता. लहान मुलांच्या बाबतीत दुसऱ्या टप्प्यापर्यंत मीही हाच दंडक पाळते. तिसऱ्या टप्प्यात तो मोडायला हरकत नाही. प्रकरणाच्या शेवटी लेखकाने मुद्दाम संकट आणून ठेवलेले असते आणि काही मुलांना त्या जागी थांबवले तर झोप लागत नाही, उलट भीतीच मनात राहते. अशा वेळी एक तर पुढच्या प्रकरणाचे पहिले पान वाचून संकट थोडे सैल करावे, किंवा प्रकरण संपण्याच्या दोन पाने आधी, सगळे ठीक असताना थांबावे. कुतूहल उद्यावर ठेवावे, भीती मात्र तशीच ठेवू नये. मुलीने ‘आणखी एक पान’ अशी मागणी केली तर आठवड्यातून एकदोनदा ती मान्य करावी. रोज मान्य केली तर वेळेची शिस्त मोडते, आणि कधीच केली नाही तर आपल्या मागणीला काही अर्थ नाही असे तिला वाटू लागते.

दुसऱ्या रात्रीची सुरुवात मला वाचनाइतकीच महत्त्वाची वाटते. ‘काल काय झालं होतं, सांग बघू’ असे विचारले की शाळेतली तोंडी परीक्षा सुरू होते आणि मूल गप्प बसते. त्याऐवजी आपणच उजळणी करावी आणि तीत एखादी ढोबळ चूक मुद्दाम ठेवावी. ‘काल तोत्तोचान बसमधल्या शाळेत गेली होती, नाही का?’ असे म्हटले की ‘बस नाही, आगगाडी!’ असे उत्तर ताडकन येते आणि त्यामागोमाग कालचे सगळे प्रकरण तिच्या तोंडून बाहेर पडते. तिच्या सांगण्यात क्रम चुकला किंवा नाव चुकले तरी दुरुस्त करू नये, कारण वाचायला लागल्यावर ते दुरुस्त होतेच. एखाददुसऱ्या रात्रीचा खंड पडला तर बिघडत नाही. आठवड्यातून चार-पाच रात्री वाचन झाले तरी पुरे, परंतु एकाच पुस्तकात सलग तीन-चार दिवसांचा खंड पडला तर मागचे अर्धे प्रकरण पुन्हा वाचून घ्यावे लागते. प्रवास, लग्नकार्य किंवा परीक्षा जवळ आली असेल तर नवे जाड पुस्तक सुरूच करू नये.

‘चित्र कुठे आहे?’ या प्रश्नाला ‘मनात चित्र काढ’ असे उत्तर देण्याचा मोह टाळावा, कारण त्याचा मुलाला काहीच बोध होत नाही. मुखपृष्ठ आधी नीट पाहू द्यावे. पुस्तकात कोठे रेखाचित्रे आहेत ती तिला आधीच शोधू द्यावीत आणि ‘हे चित्र कोणत्या गोष्टीचं असेल?’ याचा अंदाज करू द्यावा, म्हणजे त्या पानापर्यंत पोहोचण्याची तिला ओढ राहते. ऐकताना हातात खडू-कागद हवा असेल तर द्यावा. हात चालू असले की मूल ऐकत नाही हा गैरसमज आहे. अनेक मुले हात गुंतलेले असताना अधिक नीट ऐकतात. मात्र ‘आज ऐकलेल्याचं चित्र काढ’ असे काम सांगू नये. बरीच मराठी बालपुस्तके बारीक टाइपात, दाटीने आणि मळकट कागदावर छापलेली असतात, हे मात्र खरे आहे आणि त्यात तुमच्या मुलीचा काही दोष नाही. दोन आवृत्त्या मिळत असतील तर मोठ्या अक्षरांची घ्यावी, भले ती थोडी महाग असेल.

वाचताना नाटक करण्याची गरज नाही. प्रत्येक पात्राचा आवाज बदलण्याच्या नादात पालक तिसऱ्या दिवशी दमतात आणि वाचनच बंद पडते. गती कमी ठेवावी, संवादाच्या आधी क्षणभर थांबावे आणि वाक्याचा शेवट गिळू नये, एवढे पुरे आहे. जुन्या पुस्तकांत माजघर, पडवी, टांगा, आणे, कंदील असे शब्द येतात, तेव्हा अर्थ सांगण्यासाठी गोष्ट थांबवू नये. ‘पडवीत, म्हणजे घराच्या बाहेरच्या ओसरीत, आजोबा बसले होते’ असे वाचनाच्या ओघातच सांगून पुढे जावे. शब्द बदलून सोपा करणे मला पसंत नाही, कारण असे शब्द कानावर पडण्याची आता दुसरी जागाच उरलेली नाही. मुलींविषयी, जातीविषयी किंवा मारण्या-झोडण्याविषयी जुन्या पुस्तकांत जे काही सहजपणे येऊन जाते त्याचा विचार मात्र आधी करावा लागतो. त्यासाठी एक प्रकरण पुढे वाचून ठेवण्याची सवय पालकांनी लावून घ्यावी. ‘तोत्तोचान’मध्येही पोलिओ झालेला मित्र यासुआकीचान मरण पावतो, लाडका कुत्रा रॉकी नाहीसा होतो आणि शेवटी बॉम्बहल्ल्यात शाळा जळते. ही प्रकरणे गाळू नयेत, पण ती रात्री न वाचता रविवारी दुपारी वाचावीत, म्हणजे नंतर बोलायला आणि खेळायला दिवस शिल्लक राहतो.

मराठी की इंग्रजी, या प्रश्नाला माझे उत्तर असे की वाचणाऱ्याला ज्या भाषेत वाचताना स्वतः मजा येते त्या भाषेत वाचावे. तुम्ही दोघे घरी मराठी बोलता आणि मुलीचा दिवसाचा बराचसा वेळ शाळेतल्या इंग्रजीत जातो, तेव्हा रात्रीचे वाचन मराठीत करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. यामुळे इंग्रजी मागे पडेल ही भीती निराधार आहे. गोष्ट मनात धरून ठेवणे, पात्रांच्या हेतूंचा अंदाज बांधणे, पुढचे ओळखणे ही कौशल्ये भाषेला बांधलेली नसतात आणि मराठीत कमावली की इंग्रजी पुस्तकातही कामी येतात. वडिलांना इंग्रजी पुस्तक वाचायचे असेल तर त्यांनी ते जरूर वाचावे, पण एक पुस्तक एकाच भाषेत राहू द्यावे. इंग्रजी पान पाहून मराठीत सांगण्याची कसरत चित्रांच्या पुस्तकात चालते, परंतु दीडशे पानांच्या पुस्तकात सांगणारा थकतो आणि भाषाही धेडगुजरी होते. परदेशातल्या काही मराठी घरांत हे वाचन आजी-आजोबांकडे सोपवलेले मी पाहिले आहे. न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा भारतात सकाळचे सहा वाजलेले असतात, आणि चहाचा कप शेजारी ठेवून व्हिडिओ कॉलवर एक प्रकरण वाचणाऱ्या आजोबांइतका नियमित वाचक दुसरा मिळणार नाही. तुमच्याकडे आजी-आजोबा गावी असतील तर आठवड्यातली एक रात्र त्यांना देऊन पाहावी.

ती स्वतः कधी वाचू लागेल? याची घाई रात्रीच्या वाचनात आणू नये. ‘आता हे वाक्य तू वाच’ असे सुरू झाले की आरामाची वेळ अभ्यासाची होते. तिने स्वतःहून मागितले तर प्रकरणाचे नाव किंवा ‘ट्टॉक्’सारखा पुन्हापुन्हा येणारा शब्द तिला वाचू द्यावा. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे वाचून झालेले पुस्तक कपाटात बंद न करता तिच्या उशाशी किंवा तिच्या हाताच्या उंचीवर ठेवावे. मुले स्वतः वाचतात ते पहिले जाड पुस्तक बहुधा आधी ऐकलेलेच असते, असा माझा ग्रंथालयातला अनुभव आहे. गोष्ट ठाऊक असल्यामुळे अक्षरे लावण्याचे श्रम सोसतात, जोडाक्षर अडले तरी अंदाजाने पुढे जाता येते आणि आवडती जागा कोठे आहे हे माहीत असल्यामुळे पाने चाळत तेथे पोहोचता येते. ऐकलेलेच परत काय वाचतेस, असे म्हणून पालक यात मोडता घालतात, तो घालू नये. ती वाचू लागल्यावर वाचून दाखवणे बंद करण्याची चूकही सर्रास होते. तिसरी-चौथीपर्यंत तिचा कान डोळ्यांच्या पुढेच राहणार आहे. ती सोपे पुस्तक स्वतः वाचत असताना तुम्ही अवघड पुस्तक वाचून दाखवावे.

एखादे पुस्तक लागत नसेल तर चार रात्रींनंतर ते बिनदिक्कत सोडून द्यावे. सुरू केलेले पूर्ण केलेच पाहिजे हा नियम मोठ्या वाचकांनाही जाचक असतो, आणि लहानपणी तो लादला तर जाड पुस्तकाविषयीच अढी बसते. सोडलेले पुस्तक सहा महिन्यांनी पुन्हा काढून पाहावे. कोणते लागेल याचा अंदाज घेण्यासाठी माधुरी पुरंदरे यांनीच संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’चे बालगटाचे भाग घरी ठेवण्यासारखे आहेत. त्यांत नाना लेखकांचे वेचे आहेत आणि ज्या वेच्यावर ती खिदळेल त्याच्या लेखकाचे पुस्तक आणता येते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य पाहायला मिळतात. त्यांतल्या गोष्टीही अशी चाचपणी करायला उपयोगी पडतात.

राहिला प्रश्न धाकट्या भावाचा. तीन वर्षांच्या मुलाला प्रकरणांचे पुस्तक समजावे अशी अपेक्षा करू नये आणि त्याला गप्प बसवण्यात वाचनाचा वेळही घालवू नये. त्याचे चित्रांचे पुस्तक आधी, पाच मिनिटांत, दोघांसमोर वाचावे आणि मग त्याला थोपटत किंवा मांडीवर घेऊन तिचे प्रकरण सुरू करावे. बहुतेक रात्री तो मध्येच झोपी जातो. दोघे पालक घरी असतील तर पहिले दोन आठवडे एकाने त्याला दुसऱ्या खोलीत झोपवावे, म्हणजे नव्या पुस्तकाची सुरुवात तिला एकटीला मिळेल. ताईचे पुस्तक वेगळे आहे, ते ‘मोठ्या मुलांचे’ आहे, हे त्याच्यासमोर तिला एकदोनदा ऐकवले तरी चालते. जाड पुस्तकासाठी हट्ट धरण्याचे कारण सव्वासहा वर्षांच्या मुलीला त्यातून आयतेच मिळते. मात्र तो चार वर्षांचा झाल्यावर तेच वाक्य तुमच्यावर उलटेल, आणि मग त्याच्यासाठीही ‘राधाचं घर’पासून सुरुवात करावी लागेल.